शर्करायुक्त पेयांच्या मापावरील मर्यादा (न्यूयॉर्क शहर)

शर्करायुक्त पेयांच्या मापावरील मर्यादा हा अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने १३ सप्टेंबर, २०१२ रोजी संमत केलेला, परंतु कधीही अमलात न आलेला नियम होय. लठ्ठपणा व मधुमेहाला आळा घालण्यासाठी तो महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मांडला होता. उपाहारगृहे, चित्रपटगृहे, क्रीडागारे व हातगाड्यांवर गोड पेये १६ औंसांहून (सुमारे ४७३ मिली) मोठ्या पेल्यातून विकण्यास त्यात मनाई होती.

'सोडाबंदी' हे प्रचलित नाव दिशाभूल करणारे आहे. ग्राहकाला दुसरा पेला घेण्याची मुभा होतीच. मोठे माप समोर आले की माणूस नकळत अधिक पितो, हे नियमामागील गृहीतक होते. किती प्यावे हे ठरवणे सरकारचे काम नव्हे, असे विरोधकांचे म्हणणे होते. याच मंडळाने २००६ मध्ये उपाहारगृहांतील ट्रान्स फॅटवर घातलेले निर्बंध मात्र टिकले. ताटातील ट्रान्स फॅट ग्राहकाला दिसत नाही, पेल्याचा आकार दिसतो. हा फरक लहान नाही.

अपवादांमुळे नियमाची बाजू लंगडी पडली. निम्म्याहून अधिक दूध असलेली पेये त्यातून वगळली होती आणि किराणा दुकानांना तो लागूच नव्हता. अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, ११ मार्च, २०१३ रोजी न्यायाधीश मिल्टन टिंगलिंग यांनी तो मनमानी ठरवून रोखला. २६ जून, २०१४ रोजी राज्यातील सर्वांत वरच्या न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, ४ विरुद्ध २ मतांनी तोच निर्णय कायम केला. निवाड्याचा आधार व्यक्तिस्वातंत्र्य हा नव्हता. असे धोरण ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या नगर परिषदेचा आहे, नियुक्त मंडळाचा नाही, असे न्यायालयाने म्हटले.