आपली जुनी राजधानी

राजधानी म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे दिल्ली येते, नाहीतर मुंबई. पण बारामती-इंदापूर भागाची एक जुनी राजधानी सकाळी निघून रात्री परत येण्याइतकी जवळ आहे. ती म्हणजे निजामशाहीचे अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. उर्दू माध्यमाच्या मुलांनी हे शहर एकदा तरी पाहावे, असे मला वाटते. चाँदबीबी ‘आपली’ आणि मालोजीराजे ‘त्यांचे’, अशी इतिहासाची वाटणी मुलांच्या मनात नकळत झालेली असते. या शहरात ती टिकत नाही.

मलिक अहमदने १४९० मध्ये हे राज्य उभे केले. त्याच्या घराण्याचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांत होते, असे फिरिश्ता लिहितो. याच दरबाराचे सरदार मालोजीराजे भोसले. इंदापूरच्या लढाईत ते पडले. इंदापुरात त्यांची गढी आहे आणि बारामती तालुक्यातले सुपे भोसल्यांच्या जहागिरीतले. नगरच्या शाह शरीफ दर्ग्यात त्यांनी मन्नत मागितली, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरच्या फौजेत हे दोघे भाऊ लढले. शरीफजी तिथेच कामी आले.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. याच तटावरून १५९५-९६ मध्ये चाँदबीबीने मोगलांना थोपवले. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारले आणि किल्ला पडला. डोंगरावरच्या ज्या इमारतीला लोक ‘चाँदबीबी महाल’ म्हणतात, ती मात्र सलाबतखानाची कबर आहे. अशा गोष्टी जागेवर दाखवल्या की मुले ऐकीव माहिती तपासायला शिकतात. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी आणि फारसी कागद एकाच छपराखाली ठेवलेले आहेत, तेही दाखवावेत.

उर्दू शिकणाऱ्यांसाठी मात्र किल्ल्यातल्या कैदखोल्या सर्वांत मोलाच्या. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसचे नेते इथे कोंडले. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझादांनी ‘गुबारे खातिर’मधली पत्रे लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. पहाटेच्या चहावर, खोलीतल्या चिमण्यांवर. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या बेगम जुलेखा वारल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करणे मौलानांनी नाकारले होते.

उर्दू गद्यातला एक उत्कृष्ट ग्रंथ दिल्ली-लखनौत नाही, तर आपल्या शेजारच्या मराठी मुलखात लिहिला गेला. आपली भाषा परकी आहे का, असे मूल विचारते तेव्हा या खोल्यांकडे बोट दाखवता येते. दिल्लीचा लाल किल्लाही पाहावाच. पण सहलीची वर्गणी गोळा करताना आधी नगरचा विचार व्हावा.