मोटारीतील संगीत : पेनड्राइव्ह भरण्यापूर्वी

पणजीहून बेळगावकडे निघालेली मोटार घाटात शिरली, की मोबाइलचे नेटवर्क अनेकदा साथ सोडते आणि इंटरनेटवरून चाललेले गाणे मध्येच तुटते. अशा वेळी पेनड्राइव्हवरील संगीत उपयोगी पडते. मात्र घरच्या संगणकावर निर्वेध वाजणाऱ्या फायली मोटारीत वाजतीलच, असे नाही. काही फायली ओळखल्या जात नाहीत, काहींच्या नावांऐवजी चौकोन उमटतात, तर नाटकातील पदे उलटसुलट क्रमाने लागतात. मोटारीतील ध्वनियंत्रणा हाही एक छोटा संगणकच असतो. पण त्याला मोजकेच फाइल-प्रकार कळतात. त्यामुळे तयारी घरीच करावी लागते.

मूळ प्रत वेगळी ठेवावी

मोटारीसाठी नेहमी स्वतंत्र प्रत तयार करावी, हा पहिला नियम. एमपी३ प्रकारात फाइल लहान करताना ध्वनीचा काही भाग कायमचा वगळला जातो. १२८ केबीपीएसची फाइल पुढे ३२० केबीपीएसची केली, तर तिचा आकार वाढतो. गेलेला ध्वनी परत येत नाही. अनेक घरांत आजोबांच्या भजनाची किंवा एखाद्या खासगी मैफलीची कॅसेट संगणकावर उतरवून घेतलेली असते. सीडीच्या दर्जाच्या अशा वेव्ह फाइलला मिनिटामागे सुमारे १० एमबी जागा लागते. जागा वाचवण्यासाठी एमपी३ करून मूळ फाइल पुसली आणि पुढे कॅसेटची फीतही खराब झाली, तर ते नुकसान भरून येत नाही. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात दोन ठिकाणी जपावे. फ्लॅकमध्ये ध्वनीचा कोणताही अंश न गमावता फाइलचा आकार साधारण निम्म्यापर्यंत उतरतो.

पेनड्राइव्हची मांडणी

बहुतेक मोटारींना फॅट३२ ही मांडणी वाचता येते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस अनेक जुन्या यंत्रणांना वाचता येत नाही. फॅट३२मध्ये एका फाइलची मर्यादा ४ जीबी असते आणि संगीतासाठी ती पुरेशी आहे. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह निवडणे सोयीचे ठरते. मांडणी बदलताना, म्हणजेच फॉरमॅट करताना, आतील सर्व काही पुसले जाते, याचे भान ठेवावे.

फाइलचा प्रकार

एमपी३ हा प्रकार जवळजवळ सर्वच मोटारींत चालतो. ३२० केबीपीएसला मिनिटामागे २.४ एमबी जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांचे पद १२ एमबीचे, तर तासाभराचा ख्याल १४४ एमबीचा होतो. या हिशोबाने ३२ जीबीमध्ये पाच मिनिटांची सुमारे अडीच हजार पदे मावतात. धावत्या गाडीत इंजिनाचा आणि टायरांचा आवाज असतोच. त्यामुळे १९२ किंवा २५६ केबीपीएसही बहुतेकांना पुरते. संगीतसेवेच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी मात्र सहसा कुलूपबंद असतात. ती पेनड्राइव्हवर उतरवली, तरी वाजत नाहीत.

नावे आणि क्रम

काही यंत्रणा फायली नावाच्या क्रमाने लावतात, तर काही पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने उतरवल्या त्या क्रमाने. दोन्ही शक्यता ध्यानात घेऊन नावाच्या आरंभी ०१, ०२ असे आकडे रोमन अंकांत नव्हे, तर इंग्रजी कळफलकावरील साध्या अंकांत द्यावेत आणि फायलीही त्याच क्रमाने उतरवाव्यात. शून्य न दिल्यास १ नंतर २ ऐवजी १० लागण्याची शक्यता असते.

पडद्यावर दिसणारे गायकाचे व गाण्याचे नाव फाइलच्या आत, टॅगमध्ये, नोंदलेले असते. जुन्या यंत्रणांना आयडी३ टॅगची २.३ ही आवृत्ती सहसा नीट वाचता येते. तरीही देवनागरीऐवजी चौकोन दिसल्यास यंत्रणेत त्या लिपीची अक्षरे नसतात, असे समजावे आणि गाडीच्या प्रतीपुरती नावे रोमन लिपीत लिहावीत. विलंबित आणि द्रुत अशा दोन फायलींत विभागलेल्या ख्यालात मध्ये क्षणभर खंड पडतो; तो खटकत असल्यास मूळ प्रतीवरून दोन्ही भाग जोडून एकच फाइल करावी.

आवाजाची पातळी

केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेनंतर आजचे चित्रपटगीत लागले, की आवाज एकदम अंगावर येतो आणि चालकाचा हात बटणाकडे जातो. एमपी३गेनसारख्या मोफत प्रणालीने सर्व फायलींची पातळी जवळ आणता येते. ही प्रणाली फाइल पुन्हा न आवळता १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी आवाज कमी-अधिक करते.

शेवटी पेनड्राइव्ह संगणकातून ‘इजेक्ट’ करूनच काढावा आणि गाडी उभी असतानाच दोन-चार फायली वाजवून पाहाव्यात. भजने, नाट्यपदे, मुलांची गाणी असे फोल्डर आधीच वेगळे केले, तर वळणावर पडद्यात गाणे शोधण्याची वेळ येत नाही. घाटरस्त्यावर चालकाची नजर रस्त्यावरच राहते, हा या तयारीचा सर्वांत मोठा लाभ होय.