पाहावयाचा राहिलेला चित्रपट

गेल्या दिवाळींत आम्ही आमच्या मूळ गांवीं, बेंबळीस, गेलों असतां पुतण्यानें एक प्रश्न केला : "काका, प्रत्येकानें एकदां तरी पाहावेत असे जुने मराठी चित्रपट कोणते? नव्यांचीं नांवें मला ठाऊक आहेत. जुन्यांचीं तुम्ही सांगा." प्रश्न साधा होता व विचारणारा घरचाच, तेव्हां आम्ही कागद घेऊन यादी करावयास बसलों. परंतु पहिलें नांव लिहिलें आणि हात थांबला. तें नांव होतें 'सावकारी पाश.' जो चित्रपट आम्हीं स्वतः पाहिलेला नाहीं, व पुढेंहि कोणास पाहावयास मिळेल अशी आशा दिसत नाहीं, तो 'अवश्य पाहा' असें दुसऱ्यास कोणत्या तोंडानें सांगावयाचें?

तरीहि तें नांव आम्हीं खोडलें नाहीं. कां खोडलें नाहीं, तें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला तो ३ मे १९१३ रोजीं. त्यानंतरच्या दशकांत आपल्या मूकपटांचा मुख्य भर पुराणांवर होता, व त्याखालोखाल इतिहासावर. पडद्यावर देव अवतरत होते, राक्षस मरत होते, राजे सिंहासनावर चढत होते. या गर्दींत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२५ सालीं, आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वतीनें, एक साधा कुणबी उभा केला. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकार खोट्या कागदाच्या बळावर शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि शेतकरी गांव सोडून शहरांत गिरणीचा मजूर होतो; एवढेंच कथानक. शेतकऱ्याची भूमिका करणारा तरुण पुढें व्ही. शांताराम या नांवानें सर्वांस परिचित झाला. पुराणकथांस जो लोकाश्रय मिळे तो कांहीं या कथेस मिळाला नाहीं. परंतु पेंटरांचा या विषयावर इतका जीव होता कीं, १९३६ सालीं त्यांनीं तीच कथा बोलपटांतहि पुनः सांगितली.

चित्रपटमहर्षि जे. बी. एच. वाडिया यांनीं मूळ मूकपटाची एक पुसट आठवण नमूद केली आहे. तींत मंद प्रकाशांत टिपलेली एक उदास झोपडी येते, आणि रडणारें एक कुत्रें. मूकपटांतलें कुत्रें! त्याचा आवाज प्रेक्षकांच्या कानीं पडणें शक्यच नव्हतें. तरीहि पाहणाराच्या मनांत तो वर्षानुवर्षें राहिला.

बेंबळीच्या माणसास ही कथा फोड करून सांगावी लागत नाहीं. आमच्या पणजोबांनीं एका अवर्षणाच्या सालीं कांहीं रक्कम उचलली, आणि तिच्यापायीं विहिरीकांठचें शेत एका सावकाराच्या नांवावर गेलें. रक्कम किती होती, हें घरांत कोणासच कधीं कळलें नाहीं. कारण कागद वाचूं शकणारा आणि कागद लिहिणारा माणूस एकच होता. तिकडे पुणें जिल्ह्यांत मे १८७५ मध्यें सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कर्जखतांची होळी केली. त्या उठावाची दखल इंग्रज सरकारास घ्यावी लागली, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु तो इंग्रजी मुलखाचा कायदा. बेंबळी निजामाच्या राज्यांत. कायदा सरहद्दीवरच थांबला, आणि सावकारी मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस सारखीच नांदली. आमच्या पणजोबांसारख्यांची कहाणी कोणत्याहि बखरींत आलेली नाहीं. ती ज्या एका पडद्यावर उमटली होती, तो पडदाच आज कोरा आहे.

हें असें कां झालें? जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या भडकन पेट घेत, आणि न पेटल्या तरी काळानें चिकट होऊन कुजत. शिवाय त्यांत चांदीचा अंश असे. बोलपट आल्यावर मूकपटांस बाजारांत किंमत उरली नाहीं, तेव्हां पुष्कळ फिती चांदी काढून घेण्यासाठीं गेल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, म्हणजे 'सावकारी पाशा'नंतर एकोणचाळीस वर्षांनीं. पी. के. नायर यांच्यासारख्या निष्ठावंत संग्राहकानें फाळके कुटुंबीयांकडून 'कालियामर्दन'चे तुकडे मिळवून ते जुळवले, म्हणून तो चित्रपट आपणांस दिसतो. खुद्द 'राजा हरिश्चंद्रा'चा अर्धाच भाग उरला आहे, आणि तोहि १९१३ चा कीं १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. पुढें ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली, आणि जपलेल्यांतलेंहि पुष्कळ जळून गेलें. ग्रंथाची एखादी प्रत माळ्यावर पडून शंभर वर्षें टिकते. चित्रपटास तें भाग्य नाहीं. त्याची आठवण काढणारें कोणी नसेल, तर तो शांतपणें मरतो.

मग यादीचें काय? येथें इतिहासानें आमच्यावर एक उपकार करून ठेवला आहे. पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनीं, सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्यानें, १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली. गुरूचा चित्रपट हरवला, तरी शिष्यांचे उरले आहेत. नातवाच्या तोंडावळ्यावरून न पाहिलेल्या आजोबांची कल्पना करावी, तसा हरवलेला 'सावकारी पाश' त्यांत धुंडाळतां येतो. म्हणून आम्हीं पुतण्यास तीन नांवें दिलीं.

पहिला 'संत तुकाराम' (१९३६), दामले-फत्तेलालांचा. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम सर्वांच्या ध्यानांत राहतो; परंतु आम्ही सांगूं कीं, गौरीनें उभी केलेली आवली अधिक लक्षपूर्वक पाहावी. विठ्ठलाच्या मागें लागलेल्या नवऱ्याचा संसार तिला ओढावयाचा आहे. चूल, म्हैस आणि भुकेलीं पोरें हेंच तिचें पंढरपूर, आणि दिग्दर्शकांनीं तिच्या रागाला कोठेंहि हसण्यावारी नेलेलें नाहीं. तुकोबांच्या घराण्यांत सावकारी होती, व त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरा आहे. ही परंपरा मनांत ठेवून हा बोलपट पाहिला, म्हणजे संतचरित्र आणि सावकारी हे विषय एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहींत, हें उमजतें.

दुसरा 'कुंकू' (१९३७), शांतारामांचा. याचीहि मूळ कथा नारायण हरि आपट्यांचीच. 'सावकारी पाशां'त कागदानें जमीन जाते, येथें लग्नानें मुलगी जाते. वृद्ध विधुराच्या गळ्यांत फसवून बांधलेली तरुणी त्या विवाहास मान देण्याचें साफ नाकारते. शांता आपटे व केशवराव दाते यांचा अभिनय पाहावाच. पण कानहि उघडे ठेवावेत. या बोलपटास पार्श्वसंगीत नाहीं. घरांतले नित्याचे आवाजच त्यांत संगीताचें काम करतात. वाडियांच्या आठवणींतलें तें मुकें कुत्रें आम्हांस येथें पुनः भेटल्यासारखें वाटतें.

तिसरा 'शेजारी' (१९४१). दिग्दर्शन शांतारामांचें, कथा विश्राम बेडेकरांची. गांवांतले दोन जिवलग वृद्ध शेजारी, एक हिंदु व एक मुसलमान. धरण बांधणारा एक धनिक आपल्या लाभासाठीं त्यांच्यांत बिघाड आणतो, आणि अखेर मृत्यूच्या दारींच त्यांची गांठ पडते. हा चित्रपट निघाला त्यानंतर सातच वर्षांनीं आमच्या भागाची परीक्षा झाली. आधीं रझाकारांचा जुलूम; मग १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची शरणागति; आणि त्यानंतर उलट बाजूनें उसळलेला सूड. सुंदरलाल समितीनें ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानि झाली म्हणून सांगितलें, त्यांत आमचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, होता. तो अहवाल सरकारनें कित्येक दशकें प्रसिद्ध केला नाहीं. एका अर्थीं तीहि एक न दाखविलेली फीतच. 'शेजारी' पाहिल्यानें त्या वर्षांत कांहीं वेगळें घडलें असतें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु जें घडलें त्याविषयीं ज्या गांवांत मोठीं माणसें आजहि आवाज खालीं आणून बोलतात, तेथें पोरांना तो एकदां दाखवावा, एवढें खचित म्हणूं. हे तिन्ही बोलपट आतां घरबसल्या पाहतां येतात. मात्र ते एकट्यानें हातांतल्या लहानशा पडद्यावर न पाहतां ओसरीवर चार माणसांत बसून पाहावेत. कारण ते संपल्यावर जें बोलणें निघतें, त्यासाठींच ते पाहावयाचे.

पुतण्यानें कागद वाचला व म्हणाला, "काका, तीन समजले. पण जो पाहतांच येत नाहीं, तो यादींत पहिला कशाला?"

आम्हीं त्याला बाहेर नेलें आणि विहिरीकडे बोट दाखविलें. तें शेत आमच्या घरांतून गेलें त्याला चार पिढ्या होत आल्या. परंतु घरांतलीं बायकामाणसें अजून त्याला 'आपलें विहिरीचें शेत' असेंच म्हणतात. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र सायंकाळीं त्यानें यादीची दुसरी प्रत केली, तींत 'सावकारी पाश' हें नांव पहिलेंच होतें.