सुई टोचल्यानंतर : दंतशिक्षणातील एका नियमाचा इतिहास



दंतमहाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात भूल देऊन झाल्यावर सुईवर टोपण बसवताना ती बोटात शिरली, तर काय करावे? उत्तर आज भिंतीवरच्या तक्त्यात असते : जखम धुवा, शिक्षकांना सांगा, संमती घेऊन रुग्णाचे रक्त तपासा, गरज असल्यास लगेच औषध सुरू करा. हा तक्ता कोणी एका दिवसात लिहिलेला नाही. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एक वेगळा धडा आहे. हे धडे क्रमाने वाचले की एक बदल लक्षात येतो : सुई टोचणे ही एकेकाळी ‘निष्काळजी’ माणसाची खासगी बाब होती, ती हळूहळू संस्थेची जबाबदारी बनली.

उघड्या हातांचा काळ

डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात भारतातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले. त्यानंतरची सहा दशके जगभरातील बहुतेक दंतवैद्य रोजचे उपचार उघड्या हातांनीच करत. धोका होता, पण तो मोजता येत नव्हता. बारूच ब्लुमबर्ग यांनी १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’चे वर्णन केले. पुढे त्याचा हिपॅटायटिस बी या काविळीशी संबंध स्पष्ट झाला आणि रक्ताची तपासणी शक्य झाली. अमेरिकेत १९८३ मध्ये सुमारे १४ टक्के दंतवैद्यांच्या रक्तात या संसर्गाच्या खुणा आढळल्या. तिथे १९८१ मध्ये लस मान्य झाली होती. लस आणि हातमोजे रुळल्यावर, १९९२ पर्यंत हे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवर उतरले.

चेहऱ्यावरून न कळणारा धोका

१९८१ मध्ये अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. सुई टोचल्यामुळे एका परिचारिकेला या विषाणूची लागण झाल्याचे वृत्त १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. भारतात १९८६ मध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी मद्रासमध्ये एचआयव्हीचा संसर्ग प्रथम शोधला.

सुरुवातीला सगळीकडे ‘धोकादायक रुग्ण’ हेरण्याकडे कल होता. पण संसर्ग झालेला माणूस अनेक वर्षे निरोगी दिसू शकतो. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व मांडले : प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे समजूनच काम करा. दंतोपचारात लाळेत रक्त मिसळलेले असते, म्हणून तीही यात आली. या तत्त्वाने काम करणाऱ्याचे रक्षण झालेच, शिवाय कोणाही रुग्णाला वेगळे काढण्याचे कारणही उरले नाही.

तासांचे गणित

हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर लागण होण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. तरीही भीती एचआयव्हीचीच अधिक होती, कारण उपाय नव्हता. झिडोव्हुडीन हे औषध १९८७ मध्ये मान्य झाले. सुई टोचलेल्या आरोग्यसेवकांपैकी ज्यांनी ते लगेच घेतले त्यांच्यात लागणीची शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यावर आधारित शिफारशी आल्या.

भारतातील मार्गदर्शनानुसार पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत घ्यावी. ७२ तासांनंतर औषध सुरू करण्यात अर्थ उरत नाही. सुरू केल्यास ते २८ दिवस घ्यावे लागते. हिपॅटायटिस बीसाठी लस आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन आहे. हिपॅटायटिस सीसाठी लस नाही, पण वेळेवर तपासणी झाली तर आज तो गोळ्यांनी बरा होतो. जखम मात्र पिळायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही. साबण आणि वाहते पाणी पुरेसे आहे.

न सांगितलेली जखम

या साखळीची सर्वांत कच्ची कडी ‘शिक्षकांना सांगा’ ही आहे. तुम्ही सांगितले नाही तर पुढचे काहीच घडत नाही. विद्यार्थी गप्प राहतो, कारण त्याला बोलणी खाण्याची, गुण जाण्याची, ठरलेल्या रुग्णसंख्येत मागे पडण्याची धास्ती असते. पण विचार करा : एकाच रुग्णाला पुन्हा भूल द्यावी लागते, म्हणून दंतवैद्यकात सुईवर टोपण बसवणे अनेकदा टाळता येत नाही. ते एका हाताने कसे बसवायचे हे शिकवले का? वापरलेल्या सुयांचा डबा हाताशी होता का? हे प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वभावाचे नाहीत, व्यवस्थेचे आहेत.

कायदाही आता हेच म्हणतो. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने आरोग्यसंस्थांवर सार्वत्रिक दक्षतेची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि संसर्गाच्या शक्यतेनंतरचे प्रतिबंधक औषध पुरवण्याचे बंधन घातले. रुग्णाची तपासणी त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

म्हणून पहिल्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयात चार गोष्टी विचारून घ्या. हिपॅटायटिस बीच्या लसीनंतर प्रतिपिंडे तपासण्याची सोय कुठे आहे? घटना कोणाला कळवायची? औषधाची पहिली मात्रा कुठे ठेवलेली असते? आणि सुटीच्या दिवशी ती कोण देते? उत्तरे मिळाली नाहीत, तर तक्ता भिंतीवर आहे, पण त्यामागची जबाबदारी अजून कोणी उचललेली नाही, असे समजा आणि तसे स्पष्ट विचारा.