लोणार : दख्खनच्या कातळांतील चांद्रविवर

आमच्या दिंडोरीभोंवतींचे डोंगर ज्या काळ्या बसाल्ट कातळाचे आहेत, त्याच कातळांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर आहे. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून तळाशीं खारें सरोवर आहे. विष्णूनें येथें लवणासुरास मारिलें, अशी आख्यायिका आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें विवराची नोंद केली. पुढें कित्येक भूशास्त्रज्ञ त्यास ज्वालामुखी समजत. दख्खनचा पाषाणच लाव्हारसाचा असल्यामुळें तो तर्क स्वाभाविक होता.

१९६९ सालीं चंद्रावरून आणलेल्या दगडांतही बसाल्ट निघाला. तेथील विवरें ताडून पाहण्यास पृथ्वीवर तसाच कातळ आघातानें फुटलेला हवा होता. तो लोणारीं सांपडला. १९७३ सालीं संशोधकांनीं येथील दगडांत केवळ प्रचंड आघातानेंच बनणारी कांच दाखविली आणि उल्कापात सिद्ध झाला.

चंद्रावर वारा-पाऊस नाहीं, म्हणून अशीं असंख्य लहान विवरें तेथें युगानुयुगें टिकलीं. लोणारचा कांठ मात्र प्रत्येक पावसाळ्यांत झिजतो. २०२० सालीं सरोवरास रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. पाण्याइतकीच त्या दगडांचीही राखण झाली पाहिजे.