वाचकमत आणि वाङ्मयेतिहास : टॉल्किन यांच्या एल्फकथांचा स्वीकार

वाचकांची मते वाङ्मयेतिहासात पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत काय, हा प्रश्न स्वीकारमीमांसेने ऐरणीवर आणला. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. मात्र हे क्षितिज निश्चित करताना त्यांची भिस्त प्रामुख्याने साहित्यकृतींवर आणि साहित्यसंकेतांवर राहिली. प्रत्यक्ष वाचक, त्यातही अल्पवयीन वाचक, त्यांच्या विवेचनात क्वचितच बोलतो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) व 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबऱ्यांचा स्वीकार या उणिवेच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

प्रथम 'एल्फ' या शब्दाचाच विचार करू. यक्ष, गंधर्व किंवा परी यांपैकी कोणताही मराठी पर्याय त्यास पुरा पडत नाही. इंग्रजी वाचकाच्या मनातही विसाव्या शतकाच्या आरंभी या शब्दाभोवती फुलाफुलांत वावरणाऱ्या चिमुकल्या जीवांची प्रतिमा होती. शेक्सपिअर व मायकेल ड्रेटन यांच्यापासून रूढ झालेल्या या क्षुद्रीकरणास टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथाविषयक व्याख्यानात आक्षेप घेतला. त्यांचे एल्फ उंचेपुरे, अमर आणि गतकाळाच्या स्मृतीने व्याकूळ झालेले आहेत. परीकथा बालकांच्या वाट्याला आली ती तिच्या स्वभावामुळे नव्हे, तर कौटुंबिक इतिहासातील एका अपघातामुळे, असेही त्यांनी प्रतिपादिले. म्हणजे कृती आणि प्रचलित क्षितिज यांतील अंतर येथे आरंभापासूनच होते.

गमतीचा भाग असा की, या कृतीचे भवितव्य प्रथम एका बालकाच्या अभिप्रायाने ठरले. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी 'द हॉबिट'चे हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलास, रेनर यास, १९३६ मध्ये वाचावयास दिले. एका शिलिंगच्या मोबदल्यात त्याने अनुकूल अहवाल लिहिला आणि पुस्तक पाच ते नऊ वयाच्या मुलांना आवडेल असे नमूद केले. दहा वर्षांचा वाचक आपल्याहून लहानांसाठी पुस्तकाची शिफारस करतो, ही बाब सूचक आहे. 'बालवाङ्मय' ही कोटी त्या अहवालात आयती गृहीत धरलेली आहे.

पुढे हीच कोटी समीक्षकांच्या हाती शस्त्र बनली. १९५६ मध्ये 'द नेशन' या नियतकालिकात एडमंड विल्सन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची संभावना पोरकट वाङ्मय अशी केली. ही कादंबरी आपण सात वर्षांच्या मुलीस मोठ्याने वाचून दाखविली, असेही त्यांनी सांगितले. त्याच वर्षी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी ग्रंथाचा जोरदार पुरस्कार केला आणि त्याविषयी मध्यममार्गी मत जवळजवळ कोणाचेच नसल्याचे निरीक्षण नोंदविले. या वादात कृतीच्या रचनेइतकाच वाचकाच्या वयाचा मुद्दा निर्णायक ठरतो. 'प्रौढाने हे वाचावे काय?' हा प्रश्न अभिरुचीचा असल्याचा आभास निर्माण होतो. वस्तुतः तो वाचकाच्या प्रतिष्ठेचा आहे.

१९६५ मध्ये अमेरिकेत 'एस बुक्स'ने लेखकाच्या संमतीविना स्वस्त आवृत्ती काढली, तेव्हा हा अप्रतिष्ठित वाचकवर्ग कृतिशील झाला. वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना टॉल्किन यांनी हा प्रकार त्यांच्या कानी घातला. निषेध वाढला आणि अखेरीस त्या प्रकाशनसंस्थेने मानधन देऊन पुनर्मुद्रण न करण्याचे मान्य केले. महाविद्यालयीन तरुणांत या ग्रंथाचा प्रसार झाला तो याच काळात. बालक आणि प्रौढ या द्वंद्वात न बसणारा एक वाचक येथे दृग्गोचर होतो.

१९९७ मध्ये 'वॉटरस्टोन्स' व 'चॅनल फोर' यांनी घेतलेल्या जनमत-चाचणीत २५ हजारांहून अधिक वाचकांनी भाग घेतला आणि शतकातील श्रेष्ठ ग्रंथ म्हणून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची निवड झाली. जर्मेन ग्रीअर प्रभृतींनी या निकालाबद्दल उघड खेद व्यक्त केला. टॉम शिप्पी यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात त्याच निकालाचा गांभीर्याने विचार केला. तथापि मतांची बेरीज म्हणजे मूल्यनिर्णय नव्हे. किती जणांनी पसंती दिली हे चाचणी सांगते; त्यांनी काय वाचले, हे सांगत नाही. या अर्थाने १९३६ चा एका मुलाचा अहवाल हजारो मतांहून अधिक बोलका आहे.

अर्थात तो अहवाल टिकला, कारण तो मुलगा प्रकाशकाचा पुत्र होता. असंख्य वाचकांची मते अशी कोणी जपून ठेवली नाहीत. म्हणून वाचकमत हा अंतिम न्याय नव्हे, तसाच तो निव्वळ कोलाहलही नव्हे. तो विशिष्ट सामाजिक स्थानावरून लिहिला गेलेला दस्तऐवज होय. मतप्रदर्शनाचा अधिकार कोणास होता आणि कोणाचे मत वयाच्या, वर्गाच्या वा शिक्षणाच्या निकषावर आधीच बाद झाले, याची नोंद न घेणारा स्वीकाराचा इतिहास हा केवळ समीक्षकांनी समीक्षकांसाठी लिहिलेला इतिहास ठरतो.