भूगर्भातील पोकळी आणि संवेदकांचा पहारा

एखाद्या बांधकामाला होत असलेली इजा डोळ्यांना दिसण्याआधी कळावी, यासाठी त्याच्या पोटातच मोजमापाची उपकरणे कायमची बसवून ठेवण्याचे एक शास्त्र आहे. ताण, कंप, कल किंवा पाण्याचा दाब यांतील अतिसूक्ष्म बदल टिपणाऱ्या या उपकरणांना संवेदक, म्हणजेच सेन्सर, म्हणतात. धरणे, पूल आणि उंच इमारती यांत त्यांचा वापर रुळला आहे. ज्या जमिनीवर घर उभे आहे तिच्याही पोटात असे उपकरण असावे, हा विचार मात्र आपल्याकडे अद्याप रुजलेला नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे त्याची गरज २६ ऑगस्ट २०२२ रोजी दिसून आली. आमराई वॉर्डातील एक राहते घर त्या दिवशी बघता बघता जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरातील माणसे बाहेर धावली, म्हणून प्राण वाचले. या वस्तीखाली जुनी, बंद पडलेली भुयारी कोळसा खाण आहे.

अशा खाणीत कोळसा काढताना छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब मागे सोडले जातात. खाण बंद झाली तरी हे खांब वरचा भार वाहतच असतात. कालांतराने त्यांच्या कडा ढासळतात, पाण्याने खडक मऊ होतो आणि छताचे थर एकामागून एक खाली गळतात. पोकळी अशी हळूहळू वर सरकत राहते. वर पुरेसा जाड, टणक खडक नसेल, तर ती अखेर पृष्ठभाग गाठते. वर राहणाऱ्यांना ही सारी प्रक्रिया केवळ शेवटच्या क्षणी कळते.

चालू खाणीत छत किती सरकले हे दाखवणारे ‘टेल-टेल’ आणि आधारांवरील भार मोजणारे लोड सेल वापरतात. परंतु ती व्यवस्था कामगारांच्या सुरक्षिततेसाठी असते. बंद खाणीत उतरता येत नाही, तेव्हा पहारा वरूनच ठेवावा लागतो. त्याची एक पद्धत मोठी कल्पक आहे. जमिनीत विंधण छिद्र पाडून त्यात केबल टीव्हीला असते तशी समाक्ष तार सोडतात आणि छिद्र सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात. वरून विजेचा स्पंद सोडला, की तार जिथे चिमटली किंवा तुटली असेल तिथून तो परततो. परतण्यास लागलेल्या वेळेवरून खोली कळते. पोकळी वर सरकू लागली, की तार खालून तुटत जाते आणि दर मापनात आखूड भरते. हेच काम आता प्रकाशतंतूही करतात. उपग्रहावरील रडार जमिनीचे काही मिलिमीटरचे खचणे टिपू शकते. मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता पडणाऱ्या खड्ड्यापुढे त्याचा इलाज चालत नाही.

संवेदकांची महाराष्ट्राला ओळख नाही असे नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले, तेव्हा धरणात बसवलेल्या त्वरणमापकाने तो धक्का नोंदवला होता. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतात, याच्या अभ्यासासाठी ती नोंद जगभर वापरली गेली. धरणाची पुढे मजबुतीही करण्यात आली.

घुग्घुससारख्या गावी अडचण वेगळी आहे. छिद्र नेमके कुठे पाडायचे हे ठरवण्यासाठी जुन्या भुयारांचे विश्वसनीय नकाशे हवेत आणि जुन्या खाणींचे नकाशे बरेचदा अपुरे असतात. शिवाय रात्री दोन वाजता धोक्याचा इशारा मिळाला, तर वस्ती रिकामी करण्याचा आदेश कोणी द्यायचा, हे आधी ठरलेले नसेल तर महागडे यंत्रही निरुपयोगीच.

तोवर घराच्या भिंतीसाठी अभियंत्यांचा जुना, स्वस्त उपाय आहेच. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी घट्ट चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे असे समजावे.